घरचा कोण, बाहेरचा कोण?

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी जुन्नर-आंबेगावात आणि बाहेरही ओळखला जातो. माझे वडील या बाजारात मजुरी करीत. विकला गेलेला बैल घेणाऱ्याच्या गावापर्यंत चालवत नेऊन पोहोचवायचा, हे त्यांचे काम. लहानपणी मी त्यांच्यामागे जाई, तेव्हा एक वाद हमखास कानावर पडे. दावणीला वाढलेला बैल बरा, की बाजारातून आणलेला? दावणीच्या बैलाची खोड माहीत असते, त्याची माय कोणती हे ठाऊक असते. बाजारचा बैल तयार मिळतो, पैसे मोजले की दुसऱ्या दिवशी औताला जुंपता येतो. वाद कधी मिटत नसे. वडील त्यात बोलत नसत. कासरा त्यांच्या हातात असे, मत मात्र बैलवाल्यांचे असे.

हाच वाद खेळाच्या मैदानावरही आहे. जिंकणारा संघ आपल्या मातीतून उभा करावा, की पैसे टाकून बाहेरून माणसे आणावीत? २००८ पासून क्रिकेटपटूंचा जाहीर लिलाव होऊ लागल्यावर हा प्रश्न नवा असल्यासारखा बोलला जातो. वस्तुतः तो जुना आहे. इंदूरच्या होळकर दरबाराने रणजी स्पर्धेसाठी जो संघ बांधला तो मुख्यतः आश्रयावर. सी. के. नायडू नागपूरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. (मुश्ताक अली मात्र इंदूरचेच, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.) १९४४-४५च्या मोसमात तर लष्करी नोकरीनिमित्त महूला आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन या संघातून खेळला. मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने नाबाद २४९ धावा केल्या, तरी होळकर संघ हरला. १९४४-४५ ते १९५४-५५ या काळात या संघाने दहा अंतिम सामने खेळले आणि चार जिंकले. संस्थान गेले, दरबार गेला, आणि १९५५ नंतर संघही नाहीसा झाला.

याउलट मुंबई. शाळांच्या हॅरिस व गाइल्स ढाली, कचेऱ्यांचे संघ, १९४८ पासून पावसाळ्यात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग. या चाळणीतून खाली आलेल्या पोरांनी १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. म्हणजे घरचेच खरे, असा निष्कर्ष निघतो आणि तो पुष्कळांना पटतो. मलाही पटला असता. परंतु त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून जातो. घरचा म्हणजे कोण? हे ठरवतो कोण? या प्रश्नाचे उत्तर रणजीत सापडत नाही. त्यासाठी पन्नास-साठ वर्षे मागे, पुण्याच्या एका मैदानावर जावे लागते.

पालवणकर बाळू यांचा जन्म धारवाडचा, १८७०च्या दशकातला. आडनाव कोकणातल्या पालवणचे, जात चांभार, वडील लष्कराशी संबंधित नोकरीमुळे पुण्यात. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते गोऱ्यांच्या क्लबात गेले. पगार चार रुपये. तिथे जाळी बांधायची, टेनिसच्या रेघा आखायच्या, आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा त्या वेळचा नामांकित फलंदाज. तो बाद झाला की बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडून द्या. महत्त्वाचे हे की त्या सगळ्या वर्षांत बाळूंनी शेकडो तास चेंडू टाकले, पण बॅट त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी ही मालकांची गोष्ट होती, गोलंदाजी हे काम होते. ज्यांनी दुसऱ्याचे औत हाकले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, आणि त्यासाठी लागणारा डावखुरा गोलंदाज गावातच, हाकेच्या अंतरावर होता. तरीही त्याला घ्यावे की नाही, यावर खल झाला. क्लबातले तेलुगू सभासद घ्यावे म्हणत, ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. ग्रेगनेच, एका गोऱ्या प्रतिस्पर्ध्याने, जाहीरपणे सांगितले की हा माणूस सोडलात तर मूर्ख ठराल. शेवटी तडजोड निघाली. मैदानावर सगळे एक चेंडू हाताळतील; पण चहाच्या सुट्टीत बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या मडक्यात. जेवण वेगळ्या टेबलावर. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे!

पुणेकर हिंदूंच्या दृष्टीने त्या संघात सर्वांत 'बाहेरचा' खेळाडू कोण होता? जो त्याच शहराच्या मातीवर रूळ फिरवून मोठा झाला होता तो. घर आणि बाहेर यांच्यामधली रेघ गावाच्या वेशीवरून जात नव्हती, ती गावाच्या आतूनच गेली होती. ज्याला घरचा म्हणून वाढवायला हवे होते त्याला परक्यासारखे भाड्याने घेतले गेले, तेही गरज पडली म्हणून. जिंकण्याच्या गरजेने दार उघडले, आणि दार किती उघडायचे हेही त्या गरजेनेच ठरवले.

१८९६च्या सुमारास बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही आधी कुरबुर झाली, मग प्रवेश मिळाला. पोटासाठी रेल्वेची नोकरी होती. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे बंधू शिवरामही. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. महाराज मोजकेच सामने खेळले. संघ २३ पैकी १५ सामने हरला. बाळूंनी मात्र सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. वय पस्तिशीचे, खांदा दुखरा.

आणखी एक गोष्ट इतिहासकार नोंदवतात, पण तिच्यावर थांबत नाहीत. बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल असे चौघे भाऊ हिंदूंकडून खेळले. कोणत्या जिमखान्याने ही चाळणी लावली? कोणत्या शाळेची ढाल होती ही? घरचे खेळाडू घडवणे ज्याला म्हणतात त्याचा त्या काळातला सर्वांत अस्सल नमुना एका चांभाराच्या घरात होता. जिमखान्याला तो आयता मिळाला.

आयता मिळाला, तरी नेतृत्व मिळाले नाही. सर्वांत अनुभवी असूनही बाळूंना वर्षानुवर्षे कर्णधार केले गेले नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले. मुकुंद पै आजारी होते, तेव्हा कर्णधारपद शिवराम वा विठ्ठल यांच्याकडे न जाता पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेले. दोघा भावांनी जाहीर निवेदन देऊन खेळायचे नाकारले. हा नकार मला त्या ११४ बळींपेक्षा मोठा वाटतो. अंतिम सामन्याला पै परतले, भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले. आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. पुढे १९२३ साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीतच आहे. आपल्या किती महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ते सापडते, हे वाचकांनी आपापल्या गावी तपासावे.

अमेरिकेतल्या बेसबॉलचा इतिहास इथे आठवतो. तिथे शाखा-संघांतून घरचे खेळाडू घडवण्याची पद्धत रूढ केली ती ब्रांच रिकी या व्यवस्थापकाने, सेंट लुईसच्या संघासाठी. पुढे ब्रुकलिनच्या संघात त्याने जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला आणले. १९४७ साली रॉबिन्सन मैदानात उतरला आणि साठ वर्षांची बंदी मोडली. तोही बाहेरून आणलेला ठरला. 'बाहेरून' म्हणजे त्याच देशातून, पण काळ्यांच्या वेगळ्या लीगमधून. ज्या कृष्णवर्णीय संघातून तो घेतला, त्या कॅन्सस सिटी मोनार्क्सला रिकीने मोबदला म्हणून एक छदाम दिला नाही. दुसऱ्याच्या घरात वाढलेले फुकट न्यायचे आणि त्याला उदारपणा म्हणायचे, ही रीत आपल्याकडचीच नाही.

इथपर्यंत लिहिणे सोपे आहे, कारण दोष सवर्णांचा आहे. पुढचे अवघड.

१९३२च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळू होते. १९३७च्या निवडणुकीत मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. काँग्रेसने हा खेळाडू बाहेरून आणला होता, यात शंका नाही. बाबासाहेबांसमोर दुसऱ्या कोणाचे नाव टिकले नसते. परंतु बाळू हे केवळ प्यादे होते, असे म्हणणे मला मान्य नाही. साठीला आलेल्या, स्वतःच्या बळावर मोठ्या झालेल्या माणसाला स्वतःचे मत असते. ते चुकले, असे माझे मत आहे. पण त्या एका निवडणुकीने आपल्या चळवळीनेही त्यांना बाहेरचे ठरवले. तरुण आंबेडकरांना ज्यांचा अभिमान वाटे, ते बाळू आपल्या जयंत्यांच्या फलकांवर दिसत नाहीत. १९५५ साली ते वारले. हिंदू जिमखान्याने त्यांना वापरले. आपण त्यांना काय केले?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. माझा एक चुलतभाऊ आहे, आम्ही त्याला दादा म्हणतो. पंचक्रोशीतल्या एका संघाच्या सरावाला तो तीन वर्षे टेनिस चेंडूने गोलंदाजी करीत होता. यात्रेतली स्पर्धा आली की त्या संघात चाकणहून दोन खेळाडू येत. त्यांची मजुरी ठरलेली, जेवण एका मोठ्या घरात. दादा सीमारेषेवर चेंडू आणून देई. चौथ्या वर्षी तो गेला नाही. वस्तीतली पोरे जमवून त्याने स्वतःचा संघ काढला. नऊ जण जमले, दोन कमी पडत होते.

त्यांपैकी एक नाव चांभारआळीतल्या पोराचे निघाले. उंच, डावखुरा. समाजमंदिरात बैठक झाली, मी सुट्टीत घरी होतो म्हणून बसलो. एक जण म्हणाला, "पोरगं चांगलंय, पण ते आपल्यातलं नाही. त्यांची मतं आजवर कुठं पडली, माहितीये ना?" त्यापेक्षा आळेफाट्याहून आपल्या पाहुण्यांतला कोणी आणू, असे ठरत आले. मग मी बाळूंची हकिगत सांगितली. मडक्यातल्या चहापासून १९२०च्या नकारापर्यंत सगळी. ऐकली सगळ्यांनी. जरा वेळाने त्याच मुलाने विचारले, "सर, हे बाळू म्हंजे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले तेच ना?"

मी म्हणालो, होय, तेच.

कोणी काही बोलले नाही. दादाने वही पुढे ओढली आणि दहावे नाव लिहिले. त्या रविवारी पहिले षटक त्याच पोराने टाकले. कर्णधार कोण, यावर अजून त्यांच्यात वाद चालू आहे.