वनविद्येची शाळा आणि ठाण्याचा राब



आमचें दांडी गांव तारापूरजवळ समुद्रकाठीं आहे. मिठाच्या सत्याग्रहाची दांडी गुजराथेंत. ती निराळी, हें आधींच सांगितलेलें बरें. मागल्या पावसाळ्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी, कोळ्याची मुलगी, घरीं आली व म्हणाली, "गुरुजी, निसर्गसंपत्तीच्या संरक्षणाची पदवी आणि तिच्यावरची पदवी पांच वर्षांत एकत्र घेतां येते म्हणतात. घेऊं का?" मी मॅट्रिक झालेला माणूस, पदव्यांविषयीं काय सांगणार? परंतु ही विद्या आपल्याकडे कशी आली, तें सांगतां येण्यासारखें होतें.

झाड राखावें हा विचार कांहीं साहेबाबरोबर आला नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाविषयीं लिहितांना रयतेच्या आंब्याफणसांवर कुऱ्हाड चालवूं नये, असें बजाविलें आहे. मुंबई इलाख्यांत वनसंरक्षकाची जागा निघाली १८४७ सालीं, व ती डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांस मिळाली. ते पेशानें वैद्य; वनविद्येची म्हणून शाळा हिंदुस्थानांत तेव्हां नव्हतीच. पुढें १८७८ सालीं देहरादूनास वनशाळा उघडली, आणि त्याच वर्षीं नवा वनकायदा झाला. वरिष्ठ अधिकारी मात्र फ्रान्सांतील नान्सी येथें, व १८८५ पासून इंग्लंडांत कूपर्स हिल येथें, तयार होऊन येत.

आतां राबाची गोष्ट. आमचा मुलूख त्या काळीं ठाणें जिल्ह्यांत मोडे. (पालघर जिल्हा २०१४ सालचा.) येथें भाताचें रोप करण्यासाठीं जमीन भाजण्याची चाल फार जुनी. फांद्या, पाला, शेण, गवत यांचे थर पसरून वर थोडी माती घालावयाची, उन्हाळ्यांत पेटवावयाचें, आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेंत बीं टाकावयाचें. तण जळतें, रोप जोमानें उठतें, लावणी वेळेवर होते. शिकून आलेल्या अधिकाऱ्यास त्यांत ऐनाच्या छाटलेल्या फांद्या तेवढ्या दिसल्या! छाटणीवर निर्बंध आले. कुणबी, वारली, मोळी विकून पोट भरणारे, सारेच अडचणींत आले. ओरड इतकी झाली कीं, ठाणें व कुलाबा जिल्ह्यांच्या तक्रारींसाठीं १८८५ सालीं सरकारला वनकमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं निघाला. पुढें डॉक्टर व्होएलकर या शेतकीरसायनशास्त्रज्ञांनीं १८९३ च्या आपल्या ग्रंथांत, राब ही निव्वळ अडाणीपणाची चाल नव्हे, असाच कौल दिला. माझ्या मतें देहरादूनच्या शाळेंत एखादा वारली वर्षभर शिकवावयास ठेविला असता, तर ठाण्याची बरीच यातायात वांचली असती.

वनविद्येची पदवी आपल्या कृषि विद्यापीठांतून मिळूं लागली ती १९८५ च्या सुमारास. दापोलीसही ती मिळते. भारतीय वनसेवेंत स्त्रिया शिरल्या त्या १९८० सालीं. दोन पदव्यांच्या जोड अभ्यासक्रमास २०२० च्या शिक्षणधोरणानें मोकळीक दिली आहे.

हें सारें ऐकून मुलगी म्हणाली, "त्यांत तिवरांचें शिकवितात का?" मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं तिवरांची तोड थांबविली. तेव्हांपासून तिची आजी चुलीसाठीं तिवरास हात लावीत नाहीं. पण बोयांचीं पिलें त्या मुळांत कोठें वाढतात, हें म्हातारीस अजून तोंडपाठ आहे. मी म्हटलें, "माहितीपत्रक मागव. मग दोघें मिळून वाचूं, आजीलाही बसवूं."

पत्रक अद्याप यावयाचें आहे.