एका सेटने भागते का?

तीन सेट, प्रत्येकी दहा. नवख्या मुलाच्या हाती कुठल्याही जिममध्ये पहिल्या दिवशी हाच हिशेब दिला जातो. त्याचे मूळ अमेरिकी लष्कराच्या एका रुग्णालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेले सैनिक शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलात येत. तिथले डॉक्टर थॉमस डिलोर्म यांनी त्यांना चक्क जड वजने उचलायला लावली. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा एका वेळी ७० ते १०० आवर्तने करून घेतली जात. १९४८ मध्ये आर्थर वॅटकिन्स यांच्यासह लिहिताना त्यांनी हा पसारा तीन सेटांवर आणला. तीनचा आकडा असा कापत कापत मिळालेला आहे, हे जिममध्ये फारसे कुणाला ठाऊक नसते. पुढे १९७०च्या दशकात नॉटिलस यंत्रांचे जनक आर्थर जोन्स यांनी ‘एकच सेट, पण जीव तोडून’ असा पंथ काढला, आणि तेव्हापासूनचा वाद अजून मिटलेला नाही.

या विषयात येणाऱ्या विद्यार्थ्याने तो वाद पेशीच्या आत न्यायचा असतो. वजन तेच, माणूस तोच, फक्त सेट वाढले. मग स्नायुतंतूत नेमके काय जास्त घडले?

आत डोकावायचे साधन म्हणजे सुई. स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम यांनी १९६२ मध्ये बायोप्सीची सुई पुन्हा वापरात आणली आणि मांडीतून स्नायूचा लहानसा तुकडा काढून तपासणे शक्य झाले. पण काय शोधायचे, हे कळायला आणखी काही दशके जावी लागली. ती वाट भलत्याच दिशेने आली. १९६४च्या अखेरीस कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन परतली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेन सेहगल आणि सहकाऱ्यांनी एक बुरशीनाशक वेगळे केले. बेटाच्या ‘रापा नुई’ या नावावरून त्याला रॅपामायसिन म्हटले गेले. (सेहगल यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा, शिक्षण बनारसचे.) रॅपामायसिन पेशीत कशाला पकडते, याचा शोध १९९१ मध्ये यीस्टमध्ये लागला, आणि सस्तन प्राण्यांतल्या त्याच प्रथिनाला एमटॉर हे नाव मिळाले. ताण, अन्न आणि ऊर्जा यांची खबर घेऊन पेशीने प्रथिने बांधायची की थांबायचे, हे ठरवण्यात एमटॉरचा मोठा वाटा असतो.

२००१ मध्ये स्यू बोडीन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्नायूंवर भार वाढवला, पण सोबत रॅपामायसिन दिले. स्नायूंची अपेक्षित वाढ बव्हंशी रोखली गेली. २००९ मध्ये टेक्सासमधल्या प्रयोगात तरुणांना व्यायामाआधी रॅपामायसिन दिल्यावर व्यायामानंतर प्रथिननिर्मितीत दिसणारी सुरुवातीची उसळी दिसेनाशी झाली. दुवा पक्का झाला. मग मोजणीची घाई सुरू झाली. एमटॉरच्या हाताखालच्या एस६के या विकरावर फॉस्फेट किती चढले, हे जो तो मोजू लागला. एक, तीन आणि पाच सेटांची तुलना केली तर सेटांबरोबर हे फॉस्फेटही चढत गेलेले दिसले. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१० मधल्या प्रयोगाने वेळेची बाजूही दाखवली. तीन सेटांनंतर स्नायुप्रथिनांची निर्मिती २९ तासांनीही वाढलेली होती. एका सेटनंतर तोवर ती ओसरली होती.

इथेच थांबले तर गोष्ट सोपी वाटते. माझ्या मते या क्षेत्राने एमटॉरच्या क्षणिक झगमगाटाकडे गरजेपेक्षा जास्त पाहिले. एमटॉर हा मुकादम मानला तर प्रथिने बांधणारे मजूर म्हणजे रायबोसोम. मजूरच कमी असतील तर मुकादमाने कितीही हाका मारून काम किती होणार? म्हणून खरा प्रश्न असा, की जास्त सेट मारल्याने रायबोसोमची संख्या वाढते का?

याचे सर्वांत देखणे उत्तर नॉर्वेहून आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ३४ स्त्री-पुरुषांनी १२ आठवडे एका पायाने एक सेट आणि दुसऱ्या पायाने तीन सेट केले. एकाच माणसाचे दोन पाय असल्याने अन्न, झोप, आनुवंशिकता यांचा घोळ आपोआप मिटला. मांडीच्या स्नायूचे क्षेत्रफळ तीन सेटांच्या पायात ५.२ टक्के, तर एका सेटच्या पायात ३.७ टक्के वाढले. पेशीतला बहुतेक आरएनए रायबोसोमचाच असतो, म्हणून एकूण आरएनए मोजला की रायबोसोमचा अंदाज येतो. दुसऱ्या आठवड्यातच तीन सेटांच्या पायात हा आरएनए अधिक होता. ज्यांच्या दोन पायांत तेव्हा मोठा फरक पडला, त्यांनाच पुढे जास्त सेटांचा फायदा होण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे सगळ्यांना तीन सेट सारखेच फळत नाहीत.

 

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. ब्राझीलमधल्या २०१६च्या एका अभ्यासात पहिल्या व्यायामानंतर प्रथिननिर्मिती सर्वांत जास्त उसळली, पण स्नायू किती वाढणार याच्याशी त्या उसळीचा संबंध लागला नाही. तिचा बराचसा भाग इजा झालेल्या तंतूंच्या दुरुस्तीत खर्च होत होता. तिसऱ्या आठवड्यापासून, इजा कमी झाल्यावर, संबंध जुळू लागला. तेव्हा नवख्यांवर, एकाच व्यायामानंतर आणि दोन-चार तासांत सुई टोचून केलेल्या प्रयोगावरून ‘जास्त सेट म्हणजे जास्त स्नायू’ असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो कच्चा समजावा.

सेट वाढवत गेल्याने वाढही वाढते, पण दर वाढीव सेटमागचा नफा घटत जातो, एवढे आज बऱ्यापैकी मान्य आहे. तो का घटतो, हे रेणूंच्या पातळीवर नीट उलगडलेले नाही. नव्या वाचकाला माझी विनंती एवढीच: कुठलाही शोधनिबंध हाती आला की आधी पद्धतीचा भाग उघडा. माणसे सरावाची होती की नवखी, व्यायामानंतर त्यांनी काय खाल्ले आणि सुई किती तासांनी टोचली, हे पाहा. निष्कर्ष त्यानंतर वाचा.