प्लास्टर की ओला शेक? पोलिओच्या उपचारांवरील एक विस्मृत वाद

निदान चुकीचे आणि उपचार मात्र गुणकारी, अशा वैद्याला शास्त्राने कोणत्या रांगेत बसवावे? १९३० आणि १९४० च्या दशकांत आधी ऑस्ट्रेलियातील आणि मग अमेरिकेतील डॉक्टरांपुढे हा प्रश्न एका परिचारिकेच्या रूपाने उभा राहिला. तिचे नाव एलिझाबेथ केनी. आजचा धागा केनीबाईंविषयी आहे. पण त्याहून अधिक तो त्यांनी मुलांच्या अंगावरून उतरवायला लावलेल्या प्लास्टरविषयी आहे.

प्रथम आजाराविषयी थोडे. आपल्या पिढीला पोलिओ म्हणजे रविवारचे बूथ, ‘दो बूंद’ आणि करंगळीवरची शाईची खूण एवढेच ठाऊक. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. त्यामुळे हा रोग करतो तरी काय, हेच आपण विसरत चाललो आहोत.

विषाणू तोंडावाटे पोटात जातो. बहुसंख्यांना काहीच होत नाही. मोजक्या अभाग्यांच्या बाबतीत तो मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशींवर घाव घालतो. ताप येतो, मान आणि पाठ ताठते, स्नायू असह्य दुखतात आणि एक-दोन दिवसांत हात किंवा पाय लुळा पडतो. संवेदना मात्र शाबूत राहते. पायाला चिमटा काढला तर मुलाला कळते, पण पाय उचलता येत नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. घाव बसलेल्या सगळ्याच पेशी मरत नाहीत. काही केवळ जायबंदी होतात आणि पुढील काही महिन्यांत पुन्हा कामाला लागतात. म्हणजेच कोणताही उपचार केला नाही, तरी अनेक मुलांची थोडीफार शक्ती आपोआप परत येते. हे लक्षात ठेवावे. पुढचा सारा वाद याच मुद्द्यापाशी येऊन अडणार आहे.

त्या काळची मान्यताप्राप्त पद्धत होती अवयव जखडून ठेवण्याची. स्नायू जोडीने काम करतात. नडगीवरचा स्नायू पाऊल वर उचलतो, पोटरीचा ते खाली खेचतो. त्यातला एक लुळा पडला की दुसरा बेलगाम होतो, पाऊल कायमचे खाली ओढले जाते आणि मूल टाचेवर उभेच राहू शकत नाही. यावर अस्थिशल्यतज्ज्ञांचे उत्तर असे की दुर्बल स्नायूला ताण पडूच द्यायचा नाही. त्यासाठी खपच्या, लोखंडी चौकटी, प्लास्टर. आठवडे, महिने, कधी त्याहूनही अधिक.

याला केवळ क्रौर्य म्हणणे अनैतिहासिक ठरेल. मोडलेले हाड आणि क्षयाने पोखरलेला सांधा, या दोहोंना स्थिर ठेवल्याने लाभ होतो, हा त्यांचा पक्का अनुभव होता. ब्रिटनमध्ये रॉबर्ट जोन्स यांच्यासारख्या शल्यतज्ज्ञांनी स्थिर विश्रांतीच्या तत्त्वावर अख्खी परंपरा उभी केली होती. १९२१ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आजाराचे निदान पोलिओ असे करणारे बोस्टनचे रॉबर्ट लव्हेट हेही याच वळणाचे. त्यांच्या सहकारी विल्हेल्माइन राइट यांनी एकेका स्नायूची ताकद हाताने तपासून तिला श्रेणी देण्याची रीत घडवली. तिच्यातूनच पुढे विकसित झालेली पद्धत आजही फिजिओथेरपीच्या पहिल्या धड्यांत शिकवली जाते. जखडणाऱ्यांच्या परंपरेतही असे मोलाचे काम होते. फक्त प्लास्टर काढल्यावर आत काय सापडेल, याचा त्यांनी पुरेसा विचार केला नव्हता. अनेकदा सापडत असे तो काडीसारखा रोडावलेला पाय आणि आखडलेला सांधा.

ही काळजी प्रत्यक्ष घेणाऱ्या स्त्रियांचे स्थानही पाहिले पाहिजे. फिजिओथेरपी हा व्यवसाय म्हणून नुकता उभा राहत होता. १८९४ मध्ये लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली, कारण ‘मालिश’ या शब्दाभोवती तेव्हा बदनामीचे वलय होते. अमेरिकेत पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या स्त्रियांनी १९२१ मध्ये आपली राष्ट्रीय संघटना उभारली. दोन्हीकडे प्रतिष्ठेची किंमत एकच होती: डॉक्टरांच्या लेखी आदेशावाचून रुग्णाला हात लावायचा नाही.

केनी यांनी असा कोणताही करार केलेला नव्हता.

त्यांचा जन्म १८८० चा, न्यू साउथ वेल्समधील वॉरियाल्डा गावचा. परिचारिकेचे रीतसर शिक्षण घेतल्याचा पुरावा नाही. क्वीन्सलँडच्या विरळ वस्तीच्या भागात त्या घोड्यावरून फिरून रुग्णसेवा करत. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना मायदेशी नेणाऱ्या जहाजांवर त्यांनी काम केले आणि १९१७ मध्ये त्यांना ‘सिस्टर’ हा हुद्दा मिळाला. आपल्याकडे रुग्णालयात कोणत्याही परिचारिकेला सहज ‘सिस्टर’ अशी हाक मारतात, ती याच ब्रिटिश परंपरेतली. अमेरिकेत मात्र ही परंपरा नव्हती. तिथे कित्येकांना त्या जोगीणच वाटल्या, आणि हा गैरसमज त्यांच्या प्रसिद्धीच्या पथ्यावरच पडला.

१९११ मध्ये रानातल्या एका घरी केनीबाईंना वेदनेने तळमळणारी लहान मुलगी दिसली. तारेने डॉक्टरांचा सल्ला विचारला, तर दिसतील त्या लक्षणांवर उपचार करा असे उत्तर आले. मग त्यांनी लोकरीचे कापड उकळत्या पाण्यात बुडवून, पिळून मुलीच्या अंगावर ठेवले आणि मुलगी शांत झोपली. ही कथा सर्वत्र वाचायला मिळते. तिचा मुख्य आधार १९४३ साली प्रसिद्ध झालेले केनी यांचे आत्मचरित्र आहे, म्हणजे घटनेनंतर तीन दशकांनी, प्रसिद्धीच्या शिखरावर असताना सांगितलेली गोष्ट. स्वतःचे वयदेखील त्या कमी करून सांगत. तेव्हा कथा रद्द करायचे कारण नाही. साक्षीदार एकच आहे, एवढी नोंद मनात ठेवून ती वाचावी.

पद्धतीविषयी मात्र भरपूर समकालीन नोंदी आहेत. जुन्या लोकरी घोंगड्या कापून स्नायूंच्या आकाराचे तुकडे करायचे. ते उकळत्या पाण्यातून काढून इतके पिळायचे की थेंबभर पाणी राहू नये, कारण कातडी भाजते ती गळणाऱ्या पाण्याने. कोरडी वाफ सहन होते. रुग्णालयांत त्यासाठी कपडे पिळण्याची यंत्रे वापरली जात. हा तुकडा दुखऱ्या स्नायूवर, त्यावर पाणी न झिरपणारे कापड, त्यावर पुन्हा कोरडी लोकर. सांधे मोकळे ठेवायचे. निवला की बदलायचा, आणि हे दिवसभर. आपल्या आजीच्या शेकाचेच हे शिस्तबद्ध रूप म्हणता येईल.

शेकाने वेदना आणि ताठरपणा उतरला की दुसरा टप्पा. उपचारिका मुलाचा पाय स्वतः हलवते, हळूहळू, दुखणार नाही इतकाच. मुलाने त्या वेळी जोर लावायचा नाही. हा स्नायू कुठे सुरू होतो, कुठे संपतो, त्याचे काम काय, हे समजून घेऊन मन त्या जागी न्यायचे. मग एखाद्या दिवशी तिथे किंचित थरथर जाणवते. तेवढीच पकडून हालचाल वाढवत न्यायची. केनी याला स्नायूंचे पुनर्शिक्षण म्हणत. शब्द जुना होता, पण आजाराच्या पहिल्या दिवसांतच, वेदना चालू असताना, अवयव मोकळे ठेवून हे करणे नवे होते.

इथपर्यंत केनीबाई बलवान आहेत. पुढे त्या ‘असे का घडते’ हे सांगू लागत आणि तिथे पाय घसरे. त्यांच्या मते खरा रोग लुळेपणा नव्हताच; आकुंचन पावलेला, दुखरा स्नायू हाच रोग. समोरचा स्नायू मेलेला नसून मनाचा त्याच्याशी असलेला संबंध तुटलेला आहे, असे त्या म्हणत. चेतापेशी मरतात हे शवविच्छेदनांतून कधीच सिद्ध झाले होते. डॉक्टरांना ही विधाने शुद्ध अडाणीपणाची वाटली आणि त्या बाबतीत डॉक्टरच बरोबर होते.

१९३० च्या दशकाच्या आरंभी टाउन्सव्हिल येथे त्यांचे उपचार केंद्र सुरू झाले. पालकांच्या दबावाने क्वीन्सलँड सरकारने मदत दिली, डॉक्टरांच्या दबावाने चौकशी आयोग नेमला. १९३८ मध्ये डॉक्टरांच्या या आयोगाने केनी यांच्या विरोधात निकाल दिला आणि अवयव जखडण्याचे सोडून देणे ही घातक चूक ठरवली. तरीही सरकारने ब्रिस्बेनच्या रुग्णालयात त्यांना रुग्ण पाहण्याची मुभा दिली. तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांनी त्यांचे रुग्ण लवकर सुधारतात आणि त्यांचे अवयव अधिक लवचीक राहतात, असे मत दिले. आयोग पाहत होता तत्त्व, अधीक्षक पाहत होते खाटेवरचा पाय.

१९४० मध्ये सरकारच्या खर्चाने केनी अमेरिकेला गेल्या. न्यूयॉर्क, शिकागो, मेयो क्लिनिक असे दरवाजे ठोठावत अखेर मिनियापोलिस येथे त्यांना थारा मिळाला. तिथले जॉन पोल, मिलंड नॅप आणि वॉलेस कोल या डॉक्टरांनी आधी प्रत्यक्ष हात पाहिला, मग सिद्धान्त ऐकला. माझ्या मते त्यांच्या पथ्यावर पडला तो हाच क्रम. ऑस्ट्रेलियात बहुधा तो उलटा झाला होता.

रूझवेल्ट यांनी १९३८ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय पोलिओ प्रतिष्ठानाकडे दहा-दहा सेंटच्या देणग्यांतून मोठा निधी जमत होता. १९४१ अखेर प्रतिष्ठानाच्या वैद्यकीय समितीने पद्धतीला अनुकूल मत दिले आणि १७ डिसेंबर १९४२ रोजी मिनियापोलिसमध्ये केनी यांच्या नावाची संस्था उघडली. १९४६ मध्ये त्यांच्यावर हॉलिवूडचा चित्रपट निघाला. मुख्य भूमिका रोझालिंड रसेल यांची.

याच काळात बाल्टिमोरचे हेन्री आणि फ्लॉरेन्स केंडाल हे फिजिओथेरपिस्ट दांपत्य मिनियापोलिसला जाऊन काम पाहून आले आणि त्यांनी प्रतिकूल अहवाल दिला. ते दोघे संरक्षक खपच्यांचे पुरस्कर्ते होते, पण त्यांचा आक्षेप केवळ मत्सराचा नव्हता. केनी स्नायूंच्या ताकदीची श्रेणीवार नोंद ठेवायला तयार नसत. आरंभी किती शक्ती होती याची नोंदच नसेल, तर अखेरीस किती वाढली हे कसे सांगणार? १९४४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालानेही नेमक्या याच जागी बोट ठेवले. जी मुले आपोआप सुधारली असती, त्यांचे श्रेय शेकाला कसे द्यायचे? केनी यांच्याकडे याचे उत्तर नव्हते. त्यांच्याकडे राग होता आणि वृत्तपत्रे होती.

पण हाच प्रश्न प्लास्टरला कोणी विचारला होता? जखडून ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या मुलांची काटेकोर तुलना कोणत्या रुग्णालयाने केली होती? पुराव्याचा भार नेहमी नव्याने आलेल्यावर टाकला जातो, आणि तो नवागत पदवी नसलेली स्त्री असेल तर दुपटीने. केनी यांच्या दाव्यांत अतिशयोक्ती होती हे मान्य करूनही मला या अहवालांतील मौन अधिक बोलके वाटते. गंमत अशी की टीका सुरू असतानाच रुग्णालये बदलत होती. खपच्या कमी झाल्या, गरम शेक नित्याचा झाला, मुलांचे सांधे लवकर हलवले जाऊ लागले. श्रेय देण्याची वेळ आली की ‘आम्ही आधीपासूनच असे करत होतो’ असे सांगणारेही निघाले.

मुलांच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी निराळे दिसते. त्या काळातील रुग्णांच्या आठवणींत ओल्या लोकरीचा उग्र वास पुन्हा पुन्हा येतो. अभिनेते ॲलन अल्डा यांना सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि आईवडिलांनी घरी ही पद्धत केली. आईवडिलांनीच चटका देणारा शेक ठेवायचा, हे सोपे नव्हते. जखडलेल्या मुलाचा छळ शांत होता, शेकलेल्या मुलाचा धगधगीत. फरक एवढाच की दुसऱ्याला कोणीतरी दिवसभर हात लावत होते.

३० नोव्हेंबर १९५२ रोजी केनी यांचे क्वीन्सलँडमध्ये निधन झाले. १९५५ मध्ये जोनास साल्क यांची लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले आणि पाश्चात्त्य देशांतील पोलिओचे वॉर्ड काही वर्षांत रिकामे झाले. मिनियापोलिसची संस्था लकवा, मणक्याच्या दुखापती अशा रुग्णांकडे वळली. आपल्याकडे लस घरोघरी पोहोचायला आणखी दशके जायची होती. मुंबईत केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली ती १९५० च्या दशकाच्या आरंभी. भारतात या विषयाचे रीतसर शिक्षण तिथून सुरू झाले.

लुळे स्नायू पुन्हा कसे हलू लागत, याचा उलगडा दोन्ही पक्षांना पुरता नव्हता. जायबंदी पेशी सावरतात हे खरेच. शिवाय वाचलेल्या पेशी नव्या शाखा फोडून शेजारच्या पोरक्या स्नायुतंतूंना दत्तक घेतात. एका पेशीने अनेकींचे काम उचलायचे. हे ओझे तीन-चार दशके पेलले जाते आणि मग काहींच्या बाबतीत पेशी थकतात. तरुणपणी बरे झालेल्या माणसाला उतारवयात नव्याने अशक्तपणा जाणवू लागतो. या पोलिओोत्तर विकाराचे रुग्ण आज जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. फिजिओथेरपिस्ट त्यांना सांगतात की हालचाल ठेवा, पण थकवा येण्याआधी थांबा. आणि गरज भासली तर कॅलिपर पुन्हा वापरायला लाजू नका.