काँक्रीटचं खळं : मांडवीच्या खाऱ्या हवेत टिकवायचं कसं

मांडवी (रत्नागिरी) : पाऊस उघडला, दसरा झाला की कोकणात खळ्याची कामं निघतात. पूर्वी खळं उकरायचं, पाणी मारून चोपायचं, शेणाने सारवायचं आणि तुळशीच्या लग्नाला तयार ठेवायचं, असा दरवर्षीचा नेम होता. आता बऱ्याच घरांपुढे काँक्रीट आलं आहे. कष्ट वाचतात, चिखल घरात येत नाही. पण दोन-तीन पावसाळ्यांत खळं तडकलं, पापुद्रे सुटले, शेवाळ धरलं की दोष सिमेंटला नाहीतर गवंड्याला दिला जातो. मांडवीसारख्या समुद्राला खेटून असलेल्या भागात खरी गोम बहुतेक वेळा भरावात, खाऱ्या वाळू-पाण्यात आणि चुकीच्या उतारात असते.

आधी पाणी कुठे जाणार ते ठरवा

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. म्हणजे २० बाय १५ फुटांच्या खळ्यावर एका पावसाळ्यात ८० हजार लिटरहून अधिक पाणी पडतं. छपराच्या पागोळ्यांचं पाणी वेगळंच. मातीच्या खळ्यात यातलं थोडंफार जिरायचं, काँक्रीटवरून ते सगळं वाहतं. उतार घराकडे राहिला तर हेच पाणी जोत्यात शिरतं आणि भिंतीला ओल येते.

उतार घराकडून बाहेर, फुटाला पाव इंच ठेवावा. १५ फुटांत तो पावणेचार इंच होतो. डोळ्याने तो जेमतेम दिसतो, म्हणून लेव्हल ट्यूबने मोजून दोरी बांधावी. खळ्याची वरची बाजू पडवीपेक्षा निदान अर्धा फूट खाली असू द्या. वाहून गेलेलं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात न सोडता माडाच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात घ्यावं. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसणाऱ्या घरांनी तर हे करायलाच हवं. सगळं खळं काँक्रीटने झाकायचीही गरज नाही. कडेने दोन फूट माती मोकळी ठेवली तर पाणी मुरतं आणि अबोली, तगरीला जागाही राहते.

पागोळ्यांची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षे एकाच रेषेत धार पडून तिथलं काँक्रीट झिजतं आणि खडी उघडी पडते. पन्हळ बसवणं उत्तम. ती परवडत नसेल तर त्या रेषेत काळ्या दगडाच्या फरश्यांची ओळ घालावी. झिजली तर तेवढीच बदलता येते.

भराव

खळं खचतं ते इथे. वरची काळी माती, पाला, मुळं काढून टाकावीत. चिऱ्याची खांडकी आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात घालून प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकावा. दीड फूट भराव एकदम टाकून वरून नुसतं पाणी सोडलं तर तो पहिल्या पावसाळ्यात बसतो आणि काँक्रीट खाली पोकळ राहून तडकतं. पावसाआधी भराव घालून ठेवला आणि पाऊस सरल्यावर काँक्रीट केलं, तर अर्धं काम पाऊसच करून देतो.

वाळू आणि पाणी

मांडवीची काळी वाळू समोर फुकटची दिसते, पण ती बांधकामाची नाही. ती बारीक, एकसारख्या कणांची असते आणि तिच्यात मीठ असतं. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलायला किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांनी बंदी आहे. खाडीच्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे आणि खार येतो. त्यापेक्षा काळ्या दगडाची धुतलेली क्रश सँड चांगली. पाणी गोडं हवं. मचूळ विहिरीचं पाणी काँक्रीट कालवायला नको आणि नंतर मारायलाही नको.

भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे किनारी हवेत साध्या, म्हणजे लोखंड नसलेल्या, काँक्रीटलाही किमान एम-२० प्रत लागते आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त चालत नाही. म्हणजे ५० किलोच्या पिशवीला जास्तीत जास्त २५ लिटर, आणि वाळूत ओल असेल तर त्याहून कमी. माल हाताने ओढायला सोपा जावा म्हणून वरून बादली ओतली जाते, तिथेच काँक्रीट कमजोर होतं. मालकाने त्या दिवशी पाण्याजवळ उभं राहावं, बाकी गवंडी बघून घेईल.

प्रमाण १ : दीड : ३. एक फूट रुंद, एक फूट खोल आणि सव्वा फूट लांब फर्मा केला तर त्यात एका पिशवीएवढं माप बसतं. एका पिशवीला दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी. २० बाय १५ फुटांचं खळं चार इंच जाडीने केलं तर बरोबर एक ब्रास काँक्रीट होतं. त्याला अंदाजे २३ पिशव्या सिमेंट, ४२ घनफूट वाळू आणि ८४ घनफूट खडी लागते. पिशवीवरचा आठवडा आणि वर्ष बघूनच सिमेंट घ्यावं. समुद्राकाठच्या दमट हवेत ते लवकर गोळे धरतं, तीन महिन्यांवरचं घेऊ नये.

लोखंड घालायचं का?

माणसांच्या वापराला चार इंच साधं काँक्रीट पुरतं. "मजबुतीला" म्हणून पातळ जाळी भरावावर टाकून वर काँक्रीट ओतलं जातं. ती जाळी तळाशीच राहते, खार पोचला की गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. गाडी उभी राहणार असेल तर जाडी सहा इंच करावी. लोखंड घालायचंच असेल तर चांगल्या प्रतीचं काँक्रीट आणि लोखंडावर सगळीकडून पुरेसं काँक्रीट लागतं, ते इंजिनीयरला विचारून ठरवावं.

तडे टाळण्याचा खरा उपाय म्हणजे सांधे. काँक्रीट सुकताना आकसणारच. आठ ते दहा फुटांवर एक इंच खोल चर पाडला की तडा त्या रेषेतच जातो. जोत्याला आणि तुळशीवृंदावनाला लागून थर्माकोलची पट्टी घालावी.

दुपारी समुद्राकडून वारा सुटला की पृष्ठभाग भराभर सुकतो आणि केसासारख्या भेगा पडतात. म्हणून काम सकाळी लवकर सुरू करावं. वरून कोरडं सिमेंट भुरभुरून नीरू घोटून गुळगुळीत करू नये. दिसायला छान, पण तोच थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो आणि पावसात म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरतो. ओलं असतानाच उताराच्या दिशेने खराटा ओढून रेघा काढाव्यात.

दुसऱ्या दिवसापासून मातीचे वाफे बांधून पाणी साठवावं. बाजारातलं बहुतेक सिमेंट पीपीसी असतं, त्याला किमान १० दिवस पाणी हवं, १४ दिवस मारलं तर उत्तम. मोटारसायकल आठवड्यानंतर, चारचाकी २८ दिवसांनी. मे अखेरीला घाईने ओतलेलं खळं पहिल्या वळवाच्या सरीने धुपतं, त्यापेक्षा एक पावसाळा चिखलात काढलेला परवडतो.

दुरुस्ती

तडा दिसला की लगेच सिमेंट भरू नये. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी आणि एक पावसाळा बघावं. वाढला नाही, तर छिन्नीने इंग्रजी व्हीसारखा चर करून, ब्रशने साफ करून, पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल भरावा. वाढला किंवा एक बाजू खाली बसली, तर दोष भरावात आहे. तेवढा चौकोन कापून, भराव ठोकून नवं काँक्रीट घालावं. पहारीच्या दांड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो ती जागाही अशीच काढावी. तड्यातून तांबूस पाणी येत असेल तर आत लोखंड गंजलंय. वरून प्लास्टर मारून ते थांबत नाही.

जुन्या खळ्यावर अर्धा इंच माल फासणं म्हणजे पैसे वाया. नवा थर दोन इंच तरी हवा, तोही जुना पृष्ठभाग टाचून, धुऊन, ओला करून, सिमेंटची रबडी लावल्यावर. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने आणि खराट्याने जातं. अॅसिड वापरू नये, ते काँक्रीट खातं. आणि ब्लीचिंगवर अॅसिड पडलं तर विषारी वायू सुटतो.

सजावट

ऑइलपेंट टिकत नाही, खालची ओल त्याला उचलते. रंग हवाच असेल तर लाल ऑक्साइड काँक्रीटच्या वरच्या थरातच मिसळावा. कडेला चिऱ्याची किनार, वृंदावनाभोवती फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची नक्षी स्वस्तात होते. रांगोळीसाठी पडवीसमोर दोन फुटांचा चौकोन रेघा न काढता ठेवावा, मात्र जाण्या-येण्याच्या वाटेत नको.

लग्नाला मांडव घालताना मेढींसाठी खळं फोडावं लागतं, हा घरोघरचा अनुभव. काँक्रीट ओततानाच मेढींच्या जागी चार इंची पीव्हीसी पाइपचे दीड-दीड फुटांचे तुकडे उभे पुरून ठेवावेत आणि तोंडाला झाकण लावावं. झाकण काढलं की मेढ उभी.