सहा महिन्यांचे घड्याळ: नैराश्य आणि मेंदूतील तारा

१/ १९४८, न्यूयॉर्क. कंपवात आणि तीव्र नैराश्य यांनी ग्रासलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत जे. लॉरेन्स पूल या शल्यविशारदाने इलेक्ट्रोड बसवला. तो लोबोटॉमीच्या भरभराटीचा काळ होता. पुढच्याच वर्षी तिचे जनक एगास मोनीझ यांना नोबेल मिळाले. मेंदूतील तंतू छेदण्याऐवजी सौम्य विजेने काम साधते का, हे पूल यांना पाहायचे होते. काही आठवड्यांनी तार तुटली आणि प्रयोग संपला.

२/ पुढचा इतिहास अभिमानास्पद नाही. न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठात रॉबर्ट हीथ यांनी अनेक मनोरुग्णांच्या डोक्यात इलेक्ट्रोड बसवले. एका समलिंगी तरुणाची लैंगिक ओढ ‘बदलण्यासाठी’ही त्यांनी हेच तंत्र वापरले आणि १९७२ मध्ये ते प्रसिद्धही केले. हे क्षेत्र बदनाम झाले, ते उगाच नव्हे.

३/ त्याला प्रतिष्ठा परत मिळाली ती १९८७ नंतर. ग्रेनोबलच्या आलीम-लुई बेनाबिद यांनी दाखवले की, थॅलॅमसला उच्च वारंवारतेचा प्रवाह दिला तर हातांची थरथर थांबते.

४/ टोरांटोत हेलन मेबर्ग आणि आंद्रेस लोझानो यांनी हेच तंत्र नैराश्याकडे वळवले. मेबर्ग यांना मेंदूच्या चित्रणांत एक गोष्ट वारंवार दिसली होती: गाढ नैराश्यात ‘क्षेत्र २५’ हा छोटासा भाग अतिसक्रिय असतो. त्यालाच शांत करायचे ठरले. औषधांसह अनेक उपचार हरलेले सहा रुग्ण निवडले गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी ते जागे होते. प्रवाह सुरू होताच काहींना आतली पोकळी ओसरल्यासारखे वाटले, खोली उजळ भासली, रंग गडद दिसू लागले. छातीच्या त्वचेखालील यंत्रातून सेकंदाला १३० स्पंदने जात राहिली. सहा महिन्यांनी सहापैकी चौघे लक्षणीय सुधारलेले होते. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

५/ मग अमेरिकेत ‘ब्रॉडन’ ही मोठी चाचणी झाली. ९० जणांच्या मेंदूत तारा बसवल्या. त्यांपैकी ६० जणांची यंत्रे चालू, ३० जणांची बंद. कोणाचे चालू आहे, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. सहा महिन्यांनी पहिल्या गटात २० टक्के सुधारले, दुसऱ्यात १७. हा फरक नगण्य ठरला. यश येण्याची चिन्हे नाहीत, असे पाहून नवे रुग्ण घेणे आधीच थांबवले होते.

६/ पण नंतर सर्वांची यंत्रे सुरू झाली आणि दोन वर्षांनी जवळपास निम्मे रुग्ण सुधारलेले आढळले. तुलनेसाठी बंद यंत्रांचा गट तेव्हा उरला नव्हता, म्हणून या आकड्यावर निर्णायक भिस्त ठेवता येत नाही. तरीही वर्षानुवर्षे मुरलेल्या आजाराला सहा महिन्यांचे घड्याळ लावणे घाईचेच होते.

७/ चाचणी थांबली, तरी तारा रुग्णांच्या डोक्यातच होत्या. बॅटरी संपली की ती बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते. मान्यता न मिळालेल्या उपचाराचा तो खर्च कोणी द्यायचा, हे ठरलेले नव्हते.