बीपीचा खालचा आकडा कुठून आला?

तुमचं बीपी तपासलं की डॉक्टर दोन आकडे सांगतात, समजा १२० आणि ८०. पण १८९६ साली इटलीच्या रिवा-रोच्चीने दंडाला बांधायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी वापरून बीपी मोजलं, तेव्हा त्याला वरचाच आकडा मिळायचा. पट्टा फुगवायचा आणि मनगटाची नाडी बोटांना लागेनाशी झाली की पारा किती चढलाय ते बघायचं. खालचा आकडा बोटांना नीट कळतच नव्हता.

तो मिळाला १९०५ मध्ये. सेंट पीटर्सबर्गचा कोरोत्कोव्ह हा रक्तवाहिन्यांच्या जखमांवर काम करणारा सर्जन. त्याने पट्ट्याच्या खाली, धमनीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि हळूहळू हवा सोडली. ठकठक सुरू होते तो वरचा आकडा, आवाज थांबतो तो खालचा. त्याचा हा निबंध एक पानभरही नव्हता!

पट्टा तोच, पारा तोच; फक्त बोटांऐवजी कान वापरला. म्हणून आपल्या प्रयोगात ‘काही आढळलं नाही’ असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा: ते खरंच नाहीये, की आपल्या मोजायच्या पद्धतीला ते पकडता येत नाहीये?