मँडरिन मासा

पश्चिम पॅसिफिक महासागरातील प्रवाळभित्तींच्या तळाशी राहणारा, जेमतेम ६ सेंमी. लांबीचा मासा. शास्त्रीय नाव सिंकायरोपस स्प्लेंडिडस, कुल कॅलिओनिमिडी. अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ अल्बर्ट हेर यांनी १९२७ मध्ये फिलिपीन्समधील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. व्यापारात त्याला सर्रास ‘मँडरिन गोबी’ म्हणतात. प्रत्यक्षात तो गोबी नव्हे.

जपानच्या र्यूक्यू बेटांपासून फिलिपीन्स, इंडोनेशिया, पलाऊमार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. भारताच्या किनाऱ्यावर तो नाही. लाटांचा मारा नसलेली खाजणे आणि किनाऱ्यालगतच्या भित्ती त्याला मानवतात. साधारण १८ मी. खोलीपर्यंत, फांद्यांच्या प्रवाळात किंवा मोडक्या प्रवाळांच्या खचात तो दिवसभर दडून असतो. पोहण्यापेक्षा पोटाकडच्या रुंद परांवर रांगणेच त्याला अधिक जमते.

निळ्या अंगावरच्या नारिंगी नागमोडी पट्ट्यांमुळे तो प्रसिद्ध आहे. त्यातला निळा रंग खरोखर असाधारण. बहुतेक प्राण्यांत निळाई ही प्रकाशाच्या परावर्तनाची किमया असते. या माशाच्या त्वचेत मात्र निळे रंगद्रव्यच असते. ते साठवणाऱ्या पेशींचे वर्णन गोदा व फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये केले. अंगावर खवले नाहीत. त्याऐवजी दुर्गंधी, विषारी बुळबुळीत स्राव असतो. एवढा भडक मासा निर्धास्त राहतो तो बहुधा त्यामुळेच.

सूर्यास्ताच्या सुमारास प्रजनन होते. नर मोठा असून त्याच्या पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा लांब असतो. मादी त्याला चिकटते, जोडी तळापासून सुमारे मीटरभर वर चढते आणि अंडी व शुक्राणू एकदमच पाण्यात सोडून झटकन खाली परतते. एका वेळी २०० पर्यंत अंडी पडतात. ती प्रवाहाबरोबर वाहून जातात; आईबाप त्यांची राखण करीत नाहीत.

कोपेपॉड व तत्सम सूक्ष्म कवचधारी, समुद्री कृमी, बारीक गोगलगायी आणि माशांची अंडी हे त्याचे खाद्य. इवल्या तोंडाने तो दिवसभर टिपत राहतो. शोभेसाठी पकडलेले मासे मरतात ते बहुतेक उपासमारीने: काचेच्या टाकीत जिवंत खाद्याचा साठा लवकर संपतो आणि कोरड्या खाद्याकडे तो बघतही नाही. कुणी विक्रेता ‘पाळायला सोपा’ म्हणत असेल, तर विश्वास ठेवू नये. बंदिस्त पैदाशीची पिल्ले मात्र लहानपणीच गोठवलेल्या खाद्याला सरावू शकतात.